साडेपाच फूट उजेड

अकरा फूट रुंद आणि सत्तर फूट लांब जागा कागदावर काढून बघा. शाळेतल्या फूटपट्टीसारखी दिसते. या फूटपट्टीत रस्त्याला एक गाळा, मागे स्वयंपाकघर, मधे नवराबायको, दोन मुलं, म्हातारी आई, देवघर, शिलाई मशीन आणि गणपतीत येणारे पाहुणे एवढं सगळं बसवायचं, आणि बसवून झाल्यावर त्यात दिवसाचा उजेडही आणायचा, हा माझा धंदा. छत्तीस वर्षं केला. मुरबाड आणि शहापूर या दोन गावांच्या पेठांत मिळून शंभराच्या वर घरं काढली. त्यातल्या किती घरांत आज दुपारी दिवा न लावता वाचता येतं असं कुणी विचारलं, तर मोजायला दोन हातांची बोटं पुष्कळ झाली.

आमच्यासारख्या माणसाने म्हातारपणी लिहायचं ते आपण काय काय उभं केलं यावर, असा रिवाज आहे. मला मात्र जे बुजवलं गेलं तेच आठवतं. त्याला माझा इलाज नाही.

मी मूळचा शहापूरजवळच्या सापगावचा. स्थापत्याची पदविका घेतली, कल्याणला एका आर्किटेक्टकडे सात वर्षं दुसऱ्यांचे नकाशे गिरवले आणि मग मुरबाडला भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर स्वतःची पाटी लावली. खाली भांड्यांवर नावं घालण्याची टकटक, वर मी. लोक तोंडावर ‘इंजिनेर सायेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘उजेडवाला’. दुसरं नाव मला जास्त आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो, की चहूकडे डोंगर, माळ आणि भातखाचरं असलेल्या तालुक्यात घरं अशी पट्टीसारखी का? उत्तर वाटणीत आहे. बापाने पेठेत चाळीस फुटांची जागा घेतलेली असते. त्याच्या मागे मुलगे वाटणी करतात, आणि आमच्याकडे वाटणीचा एक न लिहिलेला कायदा आहे. प्रत्येकाच्या हिश्श्याचं तोंड रस्त्याला आलं पाहिजे. रस्त्याला तोंड म्हणजे दुकानाचा गाळा, आणि गाळ्यापेक्षाही मोठा म्हणजे मान. त्यामुळे जागा आडवी कधी कापली जात नाही, उभीच कापली जाते. चाळिसाचे दोन वीस होतात, पुढच्या पिढीत विसाचे दोन दहा. लांबी आहे तेवढीच राहते. शहापुरात एका आळीत मला आठ फुटांची जागा दाखवली होती. मालक म्हणाला, दोन खाटा समोरासमोर बसवा. मी म्हटलं, बसवतो, पण दोन्ही खाटांवरची माणसं एकाच वेळी उठणार नाहीत असं लिहून द्या.

अशा घराला उजेड कुठून यायचा? दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंतींना चिकटलेल्या, तिथे खिडकी नाही. पुढे गाळा. मागे थोडी जागा सुटते, तिथे मोरी आणि पाण्याची टाकी. खिडकीतून आलेला उजेड साधारण खिडकी जितकी उंच असते त्याच्या दुप्पट आत जातो आणि मग दमतो. म्हणजे पुढचे पंधरा फूट आणि मागचे बारा फूट सोडले, तर मधल्या त्रेचाळीस फुटांत कायमची रात्र. राहिलं काय तर आकाश. घराच्या मधोमध एक तुकडा वरपर्यंत उघडा ठेवायचा आणि सगळ्या खोल्यांची तोंडं त्याच्याकडे वळवायची. जुन्या लोकांनी त्याला चौक म्हटलं, मीही चौकच म्हणत आलो. नवीन काही शोधून काढल्याचा आव मी कधी आणला नाही.

चौक म्हटलं की समोरचा माणूस एकच वाक्य बोलायचा. ‘सायेब, येवढ्या जागंत येक खोली झाली असती.’ नवस बोलावा इतक्या गांभीर्याने बोलायचा. मग मी त्याला भर उन्हाचा जागेवर घेऊन जायचो, चुन्याच्या फक्कीने खोल्या आखायचो, चौकाच्या जागी त्याला पाटावर बसवायचो आणि ऊन कुठून कुठे जाईल ते काठीने दाखवायचो. दहातले चार ऐकायचे. उरलेल्यांपैकी दोघे चहा पाजून दुसऱ्याकडे जायचे, आणि बाकीचे हो म्हणून बांधताना न विचारता स्लॅब टाकायचे.

जे ऐकायचे त्यांच्या घरभरणीला माझी एक परीक्षा असे. सकाळी अकराला घरातले सगळे दिवे बंद करायला लावायचे, मधल्या खोलीत उभं राहायचं आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, ती अगदी बारीक टाइपातली, मोठ्याने वाचायची. अडखळलो नाही तर घर पास. गुरुजी समिधा रचून ताटकळत बसलेले आणि मी सदर मिळकतीबाबत कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांच्या आत कळवावे, असं खणखणीत आवाजात वाचतोय. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटायचं, हसू देत, पण उजेडात हसताहेत.

पास झालेल्या घरांचं पुढे काय झालं तेही सांगतो. शहापूरच्या एका निवृत्त मास्तरांना मी छताजवळ लांबलचक झरोके दिले होते. वर्षाने त्या बाजूला गेलो म्हणून डोकावलो, तर सगळ्या काचांना काळा कागद. मास्तर म्हणाले, सोफ्याचा रंग उडतो. मी म्हटलं, मास्तर, सोफा नवा मिळतो. त्यावर ते शांतपणे म्हणाले की उजेडही मिळतो, बटण दाबलं की येतो. मुरबाडच्या एका धान्यवाल्याकडे चौक तीन हप्त्यांत गेला. पहिल्या वर्षी माकडं उतरतात म्हणून जाळी. दुसऱ्या पावसाळ्यात झड येते म्हणून जाळीवर फायबरचा पत्रा. चौथ्या वर्षी पत्रा तडकला म्हणून स्लॅब. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. माकडं उतरत होतीच आणि झडही येत होती. मी भांडायला गेलो तर त्यांच्या सुनेने मला पोहे दिले आणि नवी खोली दाखवली. खोलीत भरदिवसा दिवा होता.

पहिली दहा-बारा वर्षं असं काही दिसलं की मला राग यायचा. पुढे सवय झाली. माणूस आपल्या घरात आपल्या मर्जीने अंधार करतो, त्याला आपण काय करणार, असं म्हणून मी हात झटकायला शिकलो. एका घराच्या बाबतीत मात्र हात झटकता आले नाहीत. तिथला अंधार माझ्या हातचा आहे.

धसईच्या पलीकडच्या गावातला एक शेतकरी तांदळाचा व्यापार करता करता मुरबाडला आला, पेठेत बावीस फुटांची जागा घेतली, तिच्यावर कौलारू घर घातलं आणि काही वर्षांनी वारला. मागे बायको आणि दोन मुलगे. थोरला काशिनाथ औद्योगिक वसाहतीत फिटर होता, धाकटा विष्णू बापाचं तांदळाचं दुकान बघत होता. दोघांची लग्नं झालेली, पोरं लहान. जुनं घर पाडून दोघांना दोन घरं काढून द्या, म्हणून दोघे एकाच स्कूटरवर बसून माझ्याकडे आले. एकाच स्कूटरवर आले याचंच मला केवढं कौतुक वाटलं होतं.

मी म्हटलं, जागा आडवी कापा. पुढचं घर एकाला, मागचं एकाला, बाजूने चार फुटांची वाट. दोघांनाही बावीस फुटांची रुंदी मिळेल, खिडक्या मिळतील, वारा मिळेल. काशिनाथ मागचं घर घ्यायला तयार होता, पण त्याच्या आईलाच ते पटेना. थोरला मागे राहिला तर गावात काय म्हणतील? मग मागे विष्णू का, असं निघालं, तेव्हा तो उठूनच उभा राहिला.

‘मागं रायाला मी काय सवतीचा हाय?’

झालं. जागा उभी कापली गेली. अकरा अकरा.

पण मी हट्ट सोडला नाही. अकरा फुटांत प्रत्येकाने स्वतंत्र चौक ठेवायचा तर तो इतका चिंचोळा झाला असता की खालपर्यंत ऊन पोचलंच नसतं. विहिरीसारखं काम. म्हणून मी एक युक्ती काढली, आणि त्या युक्तीचा मला तेव्हा इतका अभिमान वाटला की दोन दिवस मी घरी कुणाशी धड बोललो नाही. दोघांनी आपापल्या जागेच्या मधोमध, सामाईक हद्दीला लागून, साडेपाच फूट रुंद आणि चौदा फूट लांब तुकडा उघडा ठेवायचा. मधे भिंत घालायची नाही. दोन अर्धे मिळून अकरा बाय चौदाचा एक चौक. दोन्ही घरांच्या मधल्या खोल्या, जिने, स्वयंपाकघरं त्याच्यावर उघडणार. दोघांनाही अर्ध्याच्या मोलात पुरा उजेड.

ही गोष्ट कागदावर यायला हवी, एवढं मला कळत होतं. उद्या एकाने आपला अर्धा बुजवला तर दुसऱ्याच्या अर्ध्यात काही राम उरत नाही. म्हणून मी दोघांमधल्या कराराचा मसुदा टाइप करून नेला. नोंदणी करायची, दोघांनी आणि त्यांच्या वारसांनी चौक मोकळा ठेवायचा. त्यांच्या घरी बसून वाचून दाखवला. मावशी, म्हणजे त्या दोघांची आई, तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

‘माज्या पोटची दोन पोरं, सायेब. त्यांच्यात कागद कशाला? कागद केला म्हंजे आजच भांडान लागला.’

दोन्ही भाऊ खाली मान घालून बसले. भावाभावांत कागद मागणं म्हणजे आमच्याकडे एकमेकांना चोर म्हणण्यासारखं आहे, हे मी याच मातीतला असल्यामुळे मला नीट ठाऊक होतं. मावशीने देवापुढे नारळ ठेवला, दोघांना त्यावर हात ठेवायला लावले, चौक कुणी बुजवणार नाही असं वदवून घेतलं आणि नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. मीही खाल्लं. मसुदा पिशवीत परत गेला. खरं सांगायचं तर मलाही गहिवरून आलं होतं. परक्या गावाहून आलेला इंजिनीअर असता तर त्याने हटून सही घेतली असती. मी आपला होतो, म्हणून फसलो आणि त्यांनाही फसवलं.

पुढची चूक तर सर्वस्वी माझी. मंजुरीसाठी दोन घरांचे दोन नकाशे. दोन्हींत अर्धा अर्धा चौक. एकट्याने बघितला तर कुठलाच नियमात बसत नव्हता. मी टिपण जोडलं की दोन्ही भागांची मोकळी जागा एकत्र धरावी, मालकांची संमती आहे. माझ्या शब्दावर ते मान्य झालं. संमती नारळावर होती हे मी लिहिलं नाही.

घरं झाली. सोमा नावाचा आमचा गवंडी, डोंगरावरच्या एका पाड्यातला, फार कमी बोलायचा. चौकाची फरशी घालताना त्याने विचारलं, पाण्याची मोरी कोणाच्या हद्दीत काढू? मी म्हटलं, मधोमध. तुळशीवृंदावनही मधोमध बांधलं, बरोबर हद्दीच्या रेघेवर. घरभरणीला मी एका घरात उभं राहून नोटीस वाचायला लागलो आणि चौकातून चालत जाऊन दुसऱ्या घरात संपवली, एकदाही अडखळलो नाही. नंतर सात-आठ वर्षं मी दुसऱ्या गिऱ्हाइकांना ते घर दाखवायला न्यायचो. पोरं या घरात जेवायची, त्या घरात झोपायची. दोघी जावा चौकात बसून एकाच परातीत भाजी निवडायच्या. उजेडाच्या घरात भांडणं टिकत नाहीत, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो. आज त्यातला एक शब्द खरा वाटत नाही.

मग काशिनाथ पडला. पावसाळ्याच्या आधी गावच्या घराची कौलं सारखी करायला चढला आणि वरून पाठीवर आला. चार महिने मुंबईच्या इस्पितळात काढून परतला तो आडवाच. पाय गेले, हातांतही फारसं बळ राहिलं नाही. त्याची बायको, सुनंदावहिनी, मला बोलावून म्हणाल्या की खाट कुठं ठेवू ते सांगा. मी मधल्या खोलीत, चौकाच्या कडेला जागा दाखवली. तिथून त्याला आकाश दिसायचं, तुळस दिसायची, भावाच्या घरातली ये-जा दिसायची. मी महिन्यातून एकदा भेटायला जायचो. एकदा त्याने मला खाटेवर बसवून घेतलं आणि दाखवलं, की पावणेअकराला ऊन खाटेच्या पायथ्याशी येतं, मग पायांवर चढतं आणि एकच्या सुमाराला भिंतीवर जातं.

‘पायावं ऊन पडतं तं कळत नाय सायेब,’ तो म्हणाला. ‘पन दिसतं. तेवढ्यावं दीस जातो.’

माझ्या सगळ्या नोकरी-धंद्यात कुणी दिलेलं याहून मोठं प्रशस्तिपत्र मला आठवत नाही. घरी येऊन मी बायकोला ते दोनदा सांगितलं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग मावशी गेली आणि वर्षभरात विष्णू माझ्या माळ्यावर आला. एकटाच. त्याचा थोरला मुलगा लग्नाचा झाला होता. आता आमच्याकडे स्थळ ठरायच्या आधी मुलीकडची माणसं घर बघायला येतात, आणि पोहे झाल्यावर त्यांच्यातली एखादी बाई सहज विचारल्यासारखं विचारते, पोरापोरीची खोली कुठली? विष्णूकडे दाखवायला खोली नव्हती. दोन ठिकाणी ठरत आलेलं मोडलं होतं. त्याला चौकातल्या त्याच्या अर्ध्यावर खाली एक आणि वर एक अशा खोल्या हव्या होत्या, आणि त्यांचा नकाशा मी काढून द्यावा म्हणून तो आला होता.

मी पहिल्यांदा नारळाची आठवण दिली. तो म्हणाला, आई होती तोवर पाळला ना. मग मी म्हटलं, वर आणखी एक मजला चढव. त्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि माझ्याही लक्षात आलं. पाया मी तळमजला आणि वर एक मजला एवढाच धरला होता. खर्च कमी करा असं तेव्हा त्यानेच म्हटलं होतं आणि मी केला होता. दुसरा मजला त्या पायावर चढवणं म्हणजे घर अंगावर घेणं. पुढचा गाळा तोडून खोली कर म्हटलं, तर पोट कशावर भरू म्हणाला. मी चार तास बसून चार आराखडे केले. एकातही चौक वाचत नव्हता.

‘दादाच्या उजेडासाटी माजा पोरगा बिनलग्नाचा ठेवू का? तुमीच सांगा सायेब.’

त्याचा आवाज चढला नव्हता. तो वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. मी एवढंच म्हटलं की हा नकाशा माझ्या हातून होणार नाही. तो पाया पडून गेला आणि त्याने दुसऱ्या एका तरुण इंजिनीअरकडून आठ दिवसांत काम करून घेतलं. त्या मुलाने कॉम्प्युटरवर रंगीत चित्र काढून दिलं होतं म्हणे, त्यात पलंग, पडदे, सगळं.

ते कळल्यावर सुनंदावहिनी आल्या. माळ्याचा जिना चढून त्यांना धाप लागली होती. काखेत आमच्याच नकाशाची गुंडाळी, प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेली. ती उलगडून त्यांनी चौकावर बोट ठेवलं. नकाशात आहे म्हणजे भावजींना बांधता येणार नाही ना, एवढंच त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

मला त्यांना सांगावं लागलं की या नकाशात आहे तो अर्धाच आहे. उरलेला भावजींच्या नकाशात आहे आणि दोघांना बांधणारा कागद कुठेच नाही. त्या म्हणाल्या, मग तक्रार करते. तेही मला समजावून द्यावं लागलं. तक्रार केली तर दोन्ही घरं तपासली जाणार, आणि एकेकट्याचा चौक नियमात बसत नाही, म्हणजे विष्णूच्या बरोबरीने त्यांचं घरही बेकायदा ठरणार. त्यांनी नकाशा पुन्हा गुंडाळला. गुंडाळताना तो वाकडा होऊ नये म्हणून त्यांनी किती काळजी घेतली, ते मी बघत होतो.

‘तुमी तं शिकलेलं होतात ना, सायेब,’ त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी त्या एव्हाना विसरलो असतो.

भिंत सोमानेच बांधली. दुसरा कोण बांधणार? हाताला काम मिळेल तिथे माणूस जाणारच. त्याचा मला फोन आला. म्हणाला, तुळस कुनाच्या बाजूला सरकवू, ते कुनी सांगत नाय. मी म्हटलं, वहिनींना विचार. तुळस शेवटी पत्र्याच्या डब्यात लावून गच्चीवर गेली.

भिंत बावीस फूट उंच गेली. काशिनाथच्या बाजूला राहिला तो साडेपाच फुटांचा खोल खड्डा. मी जंग जंग पछाडलं. भिंतीला त्याच्या बाजूने पांढराशुभ्र रंग दिला, म्हणजे वरचं ऊन परतून खाली येईल. वरच्या कठड्याला तिरके आरसे लावून बघितले, त्यातला एक पंधरा दिवसांत वाऱ्याने फुटला आणि काचा खाटेजवळ पडल्या. रंगावर पहिल्याच पावसाळ्यात हिरवी बुरशी चढली. भरदुपारी राखेसारखा काहीतरी उजेड यायचा, ऊन नाहीच. वहिनी दिवसभर ट्यूब लावून ठेवायला लागल्या. मी जायचो तेव्हा काशिनाथ भिंतीकडे पाठ करून असायचा. त्याला कूस आपण होऊन बदलता येत नव्हती, म्हणजे तो तसं सांगून करवून घेत होता.

दोन वर्षांनी त्यानेच मला बोलावलं. आता त्याचा स्वतःचा मुलगाही लग्नाला आला होता. विष्णूकडे सून आली, नातू झाला, आणि चौकाच्या या बाजूला मात्र पावसाचं पाणी, शेवाळ आणि डास. काशिनाथ म्हणाला की आपलाही अर्धा बुजवून टाका आणि वर पोराची खोली काढा. वहिनी दाराशी उभ्या होत्या. मी म्हटलं, काशिनाथ, आहे तो थोडासा तरी राहू दे, माझ्यासाठी म्हणून राहू दे. त्यावर तो हसला. खूप दिवसांनी हसला असावा, कारण हसताना त्याला ठसका लागला.

‘उजेड माजा व्हता सायेब, तो गेला. पोराचं लगीन तं होऊ द्या.’

विष्णूला मी नाही म्हटलं होतं. काशिनाथला नाही म्हणायचं कुठलं तोंड माझ्याकडे राहिलं होतं? मी बसून तो नकाशा काढला. चांगला काढला. बाजूच्या खोलीतले साडेतीन फूट धरून खोली नऊ फूट बाय चौदा, कपाटाला कोनाडा. स्लॅबमध्ये खाटेच्या बरोबर वर दीड फुटाचं भोक ठेवून जाड काच बसवायला सांगितली, पण वरच्या खोलीत ती नेमकी पलंगाखाली येत होती, म्हणून सोमाने मला न विचारता ती जागा भरून टाकली. मला ते कळलं तेव्हा फरशी बसून गेली होती. या कामानंतर मी पाटी उतरवली. कुणी विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगतो.

गेल्या मार्गशीर्षात मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला वहिनी घरी आल्या होत्या. मी तेव्हा नव्हतो, म्हणून चार दिवसांनी मीच गेलो. त्यांनी मला बाहेर गाळ्यातच थांबवलं आणि हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. आतलं घड्याळ त्यांनी काढून स्वयंपाकघरात नेलं होतं. दिवस काही केल्या काशिनाथला सरेना, सारखा किती वाजले विचारायचा आणि ऐकून रडायचा. आत तर आता दिवस काय आणि रात्र काय, सारखीच ट्यूब. म्हणून जेवण झालं की वहिनी त्याला संध्याकाळ झाली म्हणून सांगत. मग तो झोपेची गोळी घेई आणि निजून जाई. मला त्या म्हणाल्या, ‘आत टायमाचं काय बोलू नका. तेवढाच त्यांचा दीस कमी व्हतो.’

मी आत गेलो. वहिनींनी बसायला स्टूल दिलं. काशिनाथ आणखी वाळला होता, पण दाढी नीट केलेली होती. माझ्या आवाजावरून त्याने मला ओळखलं, पत्रिका मिळाली का विचारलं, सून धसईकडचीच आहे म्हणून सांगितलं. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, ‘लय उशिरा आलात सायेब. सांज झाली का?’

मी हात पाठीमागे घेतला, मनगटावरचं घड्याळ त्याला दिसू नये म्हणून.

‘झाली रे,’ मी म्हटलं. ‘रस्त्यावर दिवे लागले.’

‘मंग पडतो जरा,’ तो म्हणाला. वहिनींनी त्याच्या जिभेवर गोळी ठेवली आणि पाणी पाजलं. त्याने डोळे मिटले. मग भिंतीला हात लावत लावत बाहेर आलो. पेठेत साडेबाराचं ऊन पडलं होतं, शेजारच्या दुकानाच्या पायरीवर शाळेची दोन पोरं बर्फाचा गोळा खात बसली होती. माझे डोळे इतके दिपले की मला त्यांच्याजवळच खाली बसावं लागलं.